मदत हवी आहे : सिल्हूटमध्ये माणसांचा गोळा होतोय

दादर चौपाटीवर संध्याकाळी सिल्हूट, म्हणजे उजळ आकाशापुढे माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील असे फोटो, काढायचा प्रयत्न चालू आहे. मागे सी लिंक, पुढे चालणारी माणसं. कॅमेरा साधा क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) डीएसएलआर, लेन्स १८-५५ आणि ५० एमएम.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, जमलंय. स्पॉट मीटरिंगने (फ्रेममधल्या एका छोट्या ठिपक्यापुरता उजेड मोजून) सूर्याच्या बाजूचं आकाश मोजते, आयएसओ १००, एफ/८, वर उणे दीड स्टॉप, म्हणजे मुद्दाम तेवढा उजेड कमी. माणसं काळीभोर येतात, आकाश केशरी राहतं. घोडं अडलंय ते रचनेत.

उभ्याने काढला की क्षितिजाची रेघ बरोबर माणसाच्या मानेतून जाते. म्हणून गुडघ्यावर बसले, कॅमेरा वाळूपासून वीतभर उंचीवर धरला. डोकी, खांदे आकाशात सुटे दिसायला लागले, पण आता पाय ओल्या वाळूच्या काळ्या पट्ट्यात गडप! दोघं जवळून चालले तर चार हातांचा एकच ढीग. कालच्या साठेक फोटोंत एकच बरा आला: फुगेवाला, एकटा, एक पाय उचललेला. तोही नशिबाने.

अनोळखी लोकांना 'जरा इकडे उभे राहा' म्हणणार नाही आणि नंतर एडिटिंगमध्ये माणसं सरकवायची नाहीत. ट्रायपॉड नाही. ओहोटीला पाण्याचा चकाकता पट्टा मिळतो, त्यावर पाय उठून दिसतील असं वाटतं, अजून करून पाहिलं नाही.

तर, कॅमेरा नेमक्या किती उंचीवर धरला म्हणजे डोकं आकाशात आणि पाय त्या चकाकीवर, दोन्ही सुटे येतील? आणि त्यासाठी १८ एमएमने (रुंद दृश्य) जवळ जाऊ की ५० एमएमने (अरुंद, जवळचं दृश्य) लांब थांबू?