वडिलांच्या .315 रायफलीवर त्यांची आठवण कोरून घ्यायची आहे: मार्गदर्शन हवे

धानपट्टा (प्रश्न)

नमस्कार. माझे बाबा गेल्या माघात वारले. त्यांच्यामागे त्यांची बी.एस.ए. (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या इंग्रजी कंपनीच्या) बनावटीची .315 बोअरची जुनी रायफल राहिली आहे. आमचे गाव ब्रह्मपुरी तालुक्यात आहे. बाबांनी ती 1964 साली एका निवृत्त अधिकाऱ्याकडून विकत घेतली होती आणि त्या काळी वनखात्याचा रीतसर परवाना काढून ते शिकारीला जात असत. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यानंतर त्यांनी ती कोणत्याही जनावरावर रोखली नाही. धानाच्या बांध्यांवर जागलीला जाताना मात्र ती खांद्यावर असे, आणि दरवर्षी खंडेनवमीला ते ती स्वतःच्या हाताने पुसून पूजेला मांडत.

आई आणि भाऊ यांनी ना-हरकत दिल्यावर वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला आणि पोलीस ठाण्यात जमा असलेली रायफल नुकतीच घरी आली. ती पाहून वाईट वाटले. नळीचा काळा रंग जागोजागी उडाला आहे, अक्रोडाच्या दस्त्यावर खोचे पडले आहेत आणि जिथे बाबांचा गाल टेकत असे तिथले पॉलिश पूर्ण गेले आहे. बाबांच्या वर्षश्राद्धापूर्वी ती नव्यासारखी करून घ्यावी, नळीवर त्यांचे नाव कोरावे आणि घरात असलेल्या सांबराच्या शिंगाचा तुकडा दस्त्यात बसवावा, असे माझ्या मनात आहे. आमच्या गावातील सुतार आणि ब्रह्मपुरीचे एक सोनार दोघेही काम करायला तयार आहेत. हे योग्य होईल का?

जुना_दस्ता

ताई, आपल्या वडिलांना आदरांजली. माझ्या वडिलांचे बंदूक दुरुस्तीचे परवानाधारक दुकान होते आणि मी तिथे तीस वर्षे काम केले, त्या अनुभवावरून लिहितो. नळी नव्याने काळी करण्याचा विचार कृपया सोडून द्या. ब्ल्यूइंग, म्हणजे रसायनाने लोखंडाला काळा रंग चढवणे, करण्यापूर्वी लोखंड घासून चकचकीत करावे लागते आणि त्या घासण्यात बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे, कारखान्याचे नाव आणि क्रमांकाच्या कडा बोथट होतात. शिवाय गरम क्षारांचे द्रावण साधारण 140 अंश सेल्सियसला उकळत असते. जुन्या नळीवर काही भाग मऊ डाख देऊन जोडलेला असेल, तर तो या द्रावणात सुटण्याची भीती असते. वरवरचा गंज असेल तर 0000 क्रमांकाची बारीक स्टीलवूल आणि पातळ तेल यांनी हलक्या हाताने तो निघतो. उरलेला तांबूस-राखाडी रंग हा साठ वर्षांच्या वापराचा आहे, तो तसाच राहू द्यावा.

दस्त्यावरील खोच्यांविषयी सांगायचे, तर लाकूड नुसते दबले असेल आणि तुटले नसेल, तर ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली की वाफेने तंतू फुगून पुष्कळसे वर येतात. पण हे दस्ता लोखंडापासून वेगळा करूनच करावे. त्यानंतर जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये काही दिवस जाऊ द्यावेत. आपल्या भागात धानानंतर जवस निघतो, पण घाण्याचे कच्चे तेल फार सावकाश वाळते. रंगाच्या दुकानात मिळणारे डबल बॉइल्ड लिनसीड, म्हणजे लवकर वाळणारे जवसाचे तेल, या कामाला बरे. एक सूचना मात्र विसरू नये: तेल लावलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा करून ठेवलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत सुटी पसरून वाळवावीत.

गालाजवळची झिजलेली जागा मी आपल्या जागी असतो तर घासू दिली नसती. तिथे सँडपेपर लागला, की जे बाबांनी घडवले आहे तेच निघून जाईल.

नियमावली

ताई, सुतार आणि सोनार यांच्याविषयी आधी लिहितो, कारण तो मुद्दा सर्वांत गंभीर आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल हे काम परवानाधारकानेच करायचे असते. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती रायफल सोपवणे आपल्यालाही आणि त्यालाही अडचणीत आणणारे ठरेल. दुसरे असे, की कलम 8 प्रमाणे बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा कोणतीही ओळखखूण खोडणे अथवा बदलणे हा गुन्हा आहे. नळीवर नाव कोरताना कारागिराचा हात क्रमांकावर घसरला, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तपासणीत त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. म्हणून लोखंडावर काहीच कोरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सांबराचे शिंग हा वन्यप्राण्याचा अवयव आहे आणि त्यापासून नवी वस्तू घडवून घेण्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध आहेत. ते शिंग 1972 पूर्वीचे असले, तरी ते कापून दस्त्यात बसवणे टाळावे आणि घरात ठेवण्याविषयीची कागदपत्रे बाबांच्या फायलीत आहेत का, हे वनविभागाकडे जाऊन पडताळून घ्यावे.

धानपट्टा

आपण दोघांनी वेळीच सावध केलेत, याबद्दल मनापासून आभार. शिंगाचा विचार मी सोडला आहे आणि सुतारकाकांनाही तसे कळवले आहे. गालाच्या जागेविषयी वाचून मी पुन्हा रायफल काढून पाहिली. तिथल्या लाकडाला जो गुळगुळीत मऊपणा आला आहे, तो मी इतके दिवस खराबी समजत होते. पण बाबांचे नाव तिच्यावर कुठेतरी असावे असे मला अजूनही वाटते. नुसती जपून ठेवली, तर माझ्यानंतर ती कोणाची होती हे कोण सांगणार?

जुना_दस्ता

त्याला चांगला मार्ग आहे. इंग्रजी बनावटीच्या अनेक बंदुकांच्या दस्त्याच्या खालच्या अंगाला मालकाच्या आद्याक्षरांसाठी चांदीचा छोटा लंबगोल पत्रा बसवलेला असे. आपल्या रायफलीला तो नसेल तर बसवता येतो. सुमारे 25 मिलिमीटर लांबीचा लंबगोल कागदावर कापून तो सोनाराला द्यावा, म्हणजे रायफल त्याच्याकडे न नेता तो पत्रा घडवू आणि कोरू शकेल. लाकडात खाच घेऊन पत्रा बसवण्याचे काम परवानाधारक बंदूक कारागिराकडून करून घ्यावे. कोरण्यासाठी छापील अक्षरांपेक्षा बाबांची सही चांगली दिसेल. ती त्यांच्या जुन्या परवाना पुस्तिकेवर सापडेल. पुस्तिका कार्यालयात जमा करायची असेल, तर त्याआधी सहीचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा.

कोकणकडा

एक छोटी भर घालतो. खंडेनवमीला हळदकुंकू आणि ओली फुले थेट नळीवर वाहू नयेत. ओलाव्याने तिथे गंजाचे ठिपके उठतात. आमच्याकडे फक्त दस्त्याला कुंकवाचे बोट लावतात आणि संध्याकाळी सगळे पुसून लोखंडावर तेलाचा हात फिरवतात. पावसाळ्यात रायफल चामड्याच्या म्यानात बंद करून ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते.

धानपट्टा

बाबाही कुंकू लाकडालाच लावत असत. त्यामागचे कारण मला आज कळले. सहीचा फोटो काढला आहे. 1964 च्या पुस्तिकेवर त्यांनी मोडी वळणाने सही केली आहे, तीच कोरायला देते.