आळस माणसाचा की संस्थेचा?

खडूस: संस्थेतला आळस पकडणं अवघड, कारण तो दिवसभर घाईत असतो. आमच्याकडे दर सोमवारी एक अहवाल निघतो. मध्यंतरी त्यातलं एक सूत्र तुटलं आणि बेरजेच्या जागी कित्येक आठवडे नुसती चिन्हं छापून येत होती. कुणी हूं की चूं केलं नाही. उलट दर वेळी ‘मिळाला, धन्यवाद’ अशी पोच! तो बंद करायचा तर चार जणांशी बोलावं लागेल, त्यापेक्षा पाट्या टाकणं सोपं. ‘सिस्टिमच तशी आहे’ ही निव्वळ सबब आहे. अंग चोरणारे आपणच.

दोरखंड: साफ असहमत. रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता (निष्कर्ष १९१३ मध्ये छापले). आठ जणांच्या गटात माणशी जोर जवळपास निम्म्यावर आला. आता ती आठही माणसं जन्मजात आळशी होती का? पुढे १९८१ च्या एका प्रयोगात गटाने ओरडायचं होतं. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितलं, तर ढिलाई गायब! माणसं तीच. तेव्हा उपदेश पुरे, कुणाचं काम कोणतं ते आधी ठरवा.

खडूस: मोजायला लागा, मग बघा गंमत. जे मोजलं जातं तेवढंच होतं, बाकीचं वाऱ्यावर. आमचा अहवालसुद्धा कुणाला तरी मोजमाप हवं होतं म्हणूनच सुरू झाला. आणि ओरडणं मोजता येतं हो, विचार करणं कसं मोजणार?

निवांत: दोघंही दुसऱ्यांबद्दलच बोलताय. अवघड फोन करायचा असला की मी इनबॉक्स साफ करायला घेते, जुन्या फायलींना नावं देते, टेबल आवरते. दमते चांगली, फोन राहतोच. तिथे ना गट, ना साहेब. समोरचा काय म्हणेल याची धास्ती, बस्स. याला आळस म्हणायचं तर म्हणा, पण शिस्तीच्या बडग्याने तो जात नाही. फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं ते कागदावर लिहिलं की निम्म्या वेळा लागतो.

दोरखंड: आणि उरलेल्या निम्म्या वेळा?

निवांत: टेबल चकाचक.