पोटॅशियमचा रिपोर्ट मशीनने परस्पर सोडावा का?

रात्रपाळी
आमच्या लॅबमध्ये नवीन सॉफ्टवेअर येतंय. कंट्रोल (आधीच माहीत असलेल्या व्हॅल्यूचं, मशीन तपासायचं सॅम्पल) पास असेल, व्हॅल्यू ठरलेल्या मर्यादेत असेल आणि मागच्या रिपोर्टशी फार तफावत नसेल, तर रिपोर्ट कोणी न बघता थेट पेशंटच्या मोबाइलवर जाणार. इतर टेस्टचं ठीक आहे. पोटॅशियमला मात्र माझा ठाम विरोध.

गेल्या हिवाळ्यात बाहेरगावच्या कलेक्शन सेंटरवरून एक सॅम्पल आलं. पोटॅशियम 6.1 म्हणजे जास्त, पण किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन नॉर्मल. ट्यूब उजेडात धरून पाहिली. सिरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) स्वच्छ पिवळसर, लालीचा मागमूस नाही, म्हणजे हिमोलिसिस, तांबड्या पेशी फुटणं, नाही. सेंटरला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, काल संध्याकाळी घेतलं होतं, गाडी निघून गेली म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं." सिरम वेगळं न करता, रात्रभर! थंडीत तांबड्या पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. पेशी फुटत नाहीत, त्यामुळे रंग बदलत नाही आणि मशीनचा हिमोलिसिस इंडेक्सही गप्प बसतो. ताजं रक्त मागवलं: 4.3, नॉर्मल.

हे 6.1 मशीननेही अडवलं असतं, मान्य. मला भीती वाटते ती 4.2 ची. जुलाबांनी गळून गेलेल्या, खरं पोटॅशियम कमी, 2.9 असलेल्या पेशंटचं सॅम्पल असंच फ्रिजमध्ये राहिलं आणि नॉर्मल 4.2 दिसलं, तर? कंट्रोल बरोबर आला म्हणजे मशीन बरोबर. सॅम्पल बरोबर आहे हे कंट्रोल सांगत नाही.

कंट्रोल_रन
अनुभव मान्य, निष्कर्ष नाही. त्या 4.2 समोर तुम्ही स्वतः बसला असतात, तर फोन केला असता का? सकाळी शे-दोनशे सॅम्पल एकदम येतात. सगळं हिरवं दिसलं की आपण एंटर दाबत जातो. याला तपासणी म्हणायचं?

माझ्या जुन्या नोकरीत घडलेलं सांगते. पिवळ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कोणीतरी जांभळ्या ट्यूबमधलं थोडं त्यात ओतलं. पोटॅशियम 7.8, खूप जास्त; कॅल्शियम 5.2 आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम 11, दोन्ही खूप कमी. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए, रक्त गोठू न देणारं रसायन, हे पोटॅशियमचाच क्षार असतं. ते कॅल्शियम बांधून टाकतं आणि फॉस्फेटेजला लागणारं झिंक-मॅग्नेशियमही ओढून घेतं. तिन्ही आकडे एकाच पानावर होते. टेक्निशियनची सलग दुसरी पाळी होती. त्याने पोटॅशियम त्याच ट्यूबमधून रिपीट केलं, तेवढंच आलं, रिपोर्ट सोडला. पेशंटला रात्री कॅज्युअल्टीत पळवलं, आणि ईसीजी नॉर्मल! हे तिन्ही एकत्र दिसले की रिपोर्ट अडवायचा, हा नियम सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळींचा आहे. आणि तो पहाटे तीनलाही दमत नाही.

1957 साली टेक्निकॉन कंपनीने स्केग्ज या संशोधकाचा ऑटोअ‍ॅनालायझर बाजारात आणला तेव्हापासून रीएजंट (टेस्टची रसायनं) मिसळणं, रंग मोजणं आपण मशीनवर सोपवत आलोय. नजर दमते तिथे नियमच हवा.

तालुक्याचा_डॉक्टर
मी या रिपोर्टची वाट बघणारा माणूस. रात्री अकराला पाठवलेलं सॅम्पल बाराला लागतं, पण सही करणारे सकाळी दहाला येतात. तोवर डायलिसिसचा पेशंट माझ्यासमोर धापा टाकत असतो. या मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूने. आकडा लवकर द्या, पेशंट मी बघतो.

पण एक प्रश्न. 2017 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, हे मान्य केलं. मशीनने परस्पर सोडलेल्या रिपोर्टवर ती सही आपोआप उमटणार असेल, तर चुकल्यावर मी फोन कोणाला लावायचा?

रात्रपाळी
ज्याने नियम लिहून मंजूर केले त्याला, आणि त्याचा नंबर रिपोर्टवर छापलेला हवा.

ताई, 4.2 वर मी फोन केला नसता. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे. म्हणून मागणी बदलतो. बारकोडवर दोन वेळा हव्यात: रक्त कधी घेतलं आणि सेंट्रिफ्यूज कधी केलं, म्हणजे मशीनमध्ये फिरवून सिरम पेशींपासून कधी वेगळं केलं. दोन्ही नसतील किंवा मधलं अंतर जास्त असेल, तर पोटॅशियम आकडा कितीही गोंडस असला तरी अडवायचं.

कंट्रोल_रन
हे पटलं. साखरेलाही लावा, कारण साध्या ट्यूबमध्ये पेशींवर राहिलेल्या सॅम्पलमधली साखर तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी उतरते. पण वेळ टाकणार कोण? तीच मुलगी, एकटी, समोर वीस पेशंटांची रांग. आठ वाजता घेतलेल्या आणि साडेदहाला घेतलेल्या, सगळ्या ट्यूबवर एकच वेळ लिहिलेली मी पाहिली आहे. खोटेपणा नसतो तो, हात रिकामा नसतो.

रात्रपाळी
मग सॉफ्टवेअरच्या आधी त्या सेंटरला छोटं सेंट्रिफ्यूज आणि जेल ट्यूब द्यायला हव्यात. सिरम जेलच्या वर वेगळं होऊन आलं, तर गाडी चुकली तरी पोटॅशियम चुकणार नाही. दोन वर्षांपूर्वी मागणी केली होती, तेव्हा "सॅम्पल कमी आहेत, परवडत नाही" असं उत्तर आलं. आज त्या 6.1 आणि 4.3 च्या दोन्ही प्रिंट जोडून मागणी पुन्हा दिली आहे.