एमपीएचचा थिसिस: गाईड म्हणतात प्रश्नावलीतून खाडा आणि उचल काढून टाक

बालाघाटची_पोर

नमस्कार मंडळी. एमपीएचच्या (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. थिसिसचा विषय बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायका आणि पिशवीची ऑपरेशनं. तुम्हाला आठवत असेल, २०१९ ला हे सगळं पेपरात आलं, मग नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा.

मी प्रश्नावली केली त्यात उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) किती घेतली, एका खाड्याला (कामावर न गेलेल्या दिवसाला) किती कापतात, पाळीच्या दिवसांत खाडा केला का, कोपीपासून (फडाजवळच्या झोपडीपासून) पाणी किती लांब, संडास होता का, ऑपरेशनचे पैसे कुणाकडून घेतले आणि ते फेडायला किती हंगाम गेले, असं सगळं होतं. गाईडनी लाल पेनाने हे पानच्या पान उडवलं. म्हणाले हे लेबर डिपार्टमेंटचं काम आहे, आपण पब्लिक हेल्थवाले, थिसिसमध्ये अ‍ॅक्टिव्हिझम नको. त्याऐवजी पाळीत कापड वापरता की पॅड, हात कधी धुता, कॅन्सरची लक्षणं माहीत आहेत का वगैरे टाक. आता विषयाचं नाव झालंय ‘ऊसतोड महिलांमधील मासिक पाळी स्वच्छतेविषयी जागरूकता’. याचा निष्कर्ष मी आजच लिहून देऊ शकते, जागरूकता कमी आढळली, जनजागृती कार्यक्रम राबवावा, संपलं.

माझ्या सख्ख्या मावशीची पिशवी तिशीच्या आत काढलीय. तिच्यासमोर बसून तुला स्वच्छता कळत नव्हती का हे विचारायला माझं तोंड उघडणार नाही.

आणि दुसरी गोष्ट. प्रश्नावली तपासायला एका वस्तीवर गेले तर एक बाई म्हणाली, मागच्या साली एक मॅडम आल्या होत्या त्यांनीबी हेच विचारलं, त्याचं पुढं काय झालं? मला उत्तर देता आलं नाही. तर प्रश्न दोन आहेत, गाईडला कसं पटवायचं, आणि या बायकांना मी नेमकं काय देणं लागते?

पीएसएमवाला

गाईडशी भांडू नकोस, तुला पास व्हायचंय. तेच प्रश्न दुसऱ्या मथळ्याखाली टाक. ‘कामाच्या ठिकाणचे जोखीम घटक’ असं लिही आणि त्याखाली खाडा, मोळीचं वजन, पाणी, संडास सगळं बसव. सिलिकोसिसच्या पेशंटला खाणीत किती वर्षं काढलीस, तोंडाला काही बांधायला देत होते का हे विचारलं तर कुणी त्याला अ‍ॅक्टिव्हिझम म्हणत नाही, ऑक्युपेशनल हिस्टरी म्हणतात. मग उसाच्या फडातल्या बाईला विचारलं की लगेच चळवळ कशी होते?

सर फारच ताणायला लागले तर डब्ल्यूएचओच्या सोशल डिटरमिनंट्स कमिशनचा २००८ चा रिपोर्ट समोर ठेव. माणूस कुठे राहतो, काय काम करतो, हातात पैसा आणि सत्ता किती यावर आजारपण ठरतं हे त्यात सरळ लिहिलंय, आणि ते बघणं आरोग्य खात्याच्या बाहेरचं नाही हेही. आपल्याकडचे प्राध्यापक पीपीटीत तो रिपोर्ट हमखास दाखवतात, थिसिसची वेळ आली की विसरतात :)

पण खरं काम डिझाईनचं आहे तिथे लक्ष दे. नुसत्या ऊसतोड बायका घेतल्यास तर काहीच सिद्ध होणार नाही. त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, पण फडावर न जाणाऱ्या बायका तुलनेला घे. आणि पहिला हंगाम कुठल्या साली, ऑपरेशन कुठल्या साली हे दोन्ही विचार, कारण काहींचं ऑपरेशन आधी झालेलं असेल आणि कर्ज फेडायला म्हणून फडावर गेल्या असतील, मग कारण आणि परिणाम उलटे होतात. साल आठवत नसेल तर किल्लारीच्या भूकंपाच्या आधी की नंतर, थोरली पोरगी शाळेत होती का, लॉकडाऊनच्या आधी का, असं विचारलं की बरोबर सापडतं.

स्त्रीरोग_तालुका

मी गायनॅक आहे, तालुक्याच्या गावात बरीच वर्षं प्रॅक्टिस केली. थोडं कडू बोलते, राग मानू नका.

सतरा टक्के हा आकडा लोक एनएफएचएसच्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) आकड्याशेजारी ठेवतात. २०१५-१६ च्या एनएफएचएस-४ मध्ये पहिल्यांदा पिशवीच्या ऑपरेशनचा प्रश्न आला, देशात ३ टक्क्यांच्या आसपास, महाराष्ट्रात त्याहून कमी. पण ते आकडे १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायकांचे आहेत, त्यात कॉलेजातल्या पोरीपण आल्या. ऊसतोडीतल्या पाहणीतलं वय वेगळं. त्यामुळे थेट भागाकार करून इतक्या पट म्हणू नका, परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत पकडेल. आणि त्याच एनएफएचएसमध्ये सगळ्यात वर आंध्र आणि तेलंगणा आहेत, ८-९ टक्क्यांच्या घरात. तिथल्या सगळ्या बायका काय ऊस तोडायला जातात का? नाही ना. म्हणजे ऊस हे एकच कारण धरून चालणार नाही. देशभर ही ऑपरेशनं दोन तृतीयांश खाजगीत होतात, आणि ऑपरेशनच्या वेळचं मधलं वय ३४ आहे. चौतीस!

आता माझ्या टेबलासमोर काय घडतं ते सांगते. बाईच्या अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, सहा महिने फडावर अंगावर काढलंय. सरकारी दवाखान्यात लेडी डॉक्टर नाही, असली तर ज्या दिवशी ही गेली त्या दिवशी नाही. मग खाजगीत सोनोग्राफी, पिशवीला सूज आहे म्हणतात, कॅन्सरचं भ्या घालतात. काही जणांनी यावर बंगले बांधलेत हे मी नाकारत नाही, आमच्याच पेशातले आहेत. पण अर्ध्या बायका येऊन स्वतःच म्हणतात, मॅडम काढूनच टाका, लेकरं झाली, नसबंदी झाली, आता ठेवून काय करायची. गोळ्यांचा कोर्स करा, पंधरा दिवसांनी दाखवा असं सांगितलं तर पंधरा दिवसांनी ती सांगलीला असते. मी तिला फॉलोअप कसा देऊ? कित्येकींचे अंडाशयपण काढलेले असतात, म्हणजे पस्तिशीत पाळी गेल्यावरचं सगळं सुरू, हाडं ठिसूळ, अंगाची आग, झोप नाही, आणि टाके वाळले की परत डोक्यावर मोळी.

बीडमध्ये सिव्हिल सर्जनची परवानगी लागेल असा नियम केला, चांगलं केलं. पण जिल्ह्याची हद्द ओलांडायला बाईला एक एसटी पुरते, तीही आता अर्ध्या तिकिटात. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सगळ्याच राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करा म्हणून सांगितलंय, ते थिसिसमध्ये नक्की घ्या.

तर खाड्याचा प्रश्न ठेवाच, पण सोबत आमचेही ठेवा. कुणी पाठवलं, आधी औषध किती दिवस दिलं, बायोप्सी केली का, अंडाशय काढलेत हे तिला सांगितलं होतं का, कागद हातात दिला का. फक्त टोळी नेणाऱ्या मुकादमावर ढकललंत तर डॉक्टर सुटतात.

टोळीवाला

मुकादम मुकादम सगळे करतायत म्हणून लिहितो, माझे वडील मुकादम होते. उचल आम्ही घरातून देत नाही, कारखान्याकडून नायतर वाहतूकदाराकडून घेतो, अन् टोळी मधीच पळून गेली की ती आमच्या बोकांडी बसते, जमिनी गेल्यात लोकांच्या. खाडा वाईटच आहे, मी त्याची बाजू घेत नाही. पण गाडी वेळेवर भरली नाही की वरचा आमच्यावर गुरगुरतो. तुमच्या प्रश्नावलीत कारखान्याचं नाव कुठाय? कारखान्याच्या मस्टरवर एकाबी तोडणाऱ्या बाईचं नाव सापडणार नाही. नवराबायको मिळून एक कोयता, हिशोब नवऱ्याच्या हातात. बाई कागदावर हायच कुठं?

स्त्रीरोग_तालुका

हे बरोबर बोललात. बाई मस्टरवर नाही म्हणून बाळंतपणाची रजा नाही, बाळंतीण पंधराव्या दिवशी फडात मी बघितलेली आहे.

गटप्रवर्तक_ताई

पोरी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर बोलते. आमच्या भागात सर्व्हे करायला येणारे पहिलं काय करतात तर आशाला फोन. ताई जरा पंचवीस बायका गोळा करून ठेवा. ती बिचारी आपलं काम सोडून वस्तीवर फिरते, चहा स्वतःच्या घरचा पाजते, तुम्ही डाटा घेऊन पुण्या-मुंबईला जाता, ती मोकळीच. मानधन वाढवून घ्यायला आम्हाला आझाद मैदानात बसावं लागलं थंडीत, तेव्हा कुठं २०२४ मध्ये आशांचे पाच हजार वाढले. तर तुझ्या बजेटमध्ये आशाच्या दिवसाचे पैसे पहिले टाक. आणि बाईचेपण. फडावर जाऊन विचारणार असशील तर तिथे टनावर पैसे मिळतात, तुझ्याशी तासभर बोलली तर तेवढा ऊस कमी तोडला, वर नवरा ओरडतो.

बायका मुकादमासमोर खरं बोलत नाहीत, नवऱ्यासमोर नाही, सासूसमोर तर मुळीच नाही. वाढं (उसाचे शेंडे) विकायला जातात नायतर पाण्याला जातात तेव्हा बोलतात. तुझा फॉर्म तेव्हा हातात नको.

पीएसएमवाला

ताईंचा मुद्दा नियमातपण बसतो. आयसीएमआरच्या २०१७ च्या एथिकल गाईडलाईन्समध्ये बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च देता येतो, आणि संशोधनाचा फायदा त्या लोकांपर्यंत पोचवायचा हेही आहे. एथिक्स कमिटीच्या अर्जातच लिहून टाक, गाईडची सही त्याच्यावर होईल, मग नंतर कुणी नाही म्हणू शकत नाही.

कोपीतला

मी स्वतः कोपीत वाढलोय, साखरशाळेत (कारखान्यावरच्या मुलांच्या शाळेत) शिकलो, नंतर हंगामी वसतिगृहात राहिलो, आता सोशल वर्कमध्ये पीएचडी करतोय. आमच्यावर थिसिस पोत्याने झालेत. आमच्यातले गाईड किती झाले ते बोटावर मोजा. हा आरोग्यातल्या समानतेचा विषय शिकवणारी माणसं आणि ज्यांच्याबद्दल शिकवतात ती माणसं कॉलेजात एकाच टेबलावर कधी बसत नाहीत, बसलीच तर एक जण डेटा एंट्री करत असतो. नायर हॉस्पिटलची रेसिडेंट डॉक्टर पायल तडवी गेली तेव्हा दोन दिवस सगळ्या डिपार्टमेंटमध्ये चर्चा झाली. तिच्या आईला मात्र हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाच्या आईबरोबर सुप्रीम कोर्टात जावं लागलं कॅम्पसवरच्या जातीभेदाबद्दल. म्हणून सांगतो, तुझ्या पेपरवर जी पोरगी वस्तीवर फिरून मुलाखती लिहून घेईल तिचं नाव लेखकांत टाक, ‘आभार’ मध्ये नको.

गाईडच्या ‘अ‍ॅक्टिव्हिझम’वर एक उदाहरण दे. १९८९ मध्ये राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्याच्या आधी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच मोजत होते. कुणी मोजलंच नव्हतं म्हणून आजार नव्हता. त्यांना कुणी तेव्हा म्हणालं असतं की हे मोजू नका, तर आज तुझ्या गाईडला सिलॅबसला काय मिळालं असतं? खाड्याचंही तसंच आहे, मोजला नाही की तो दिसणारच नाही.

ऊसतोड बायकांवर मकाम म्हणजे महिला किसान अधिकार मंचानेपण काम केलंय, ते आधी वाच, तेच प्रश्न परत विचारून बायकांचा जीव खाऊ नकोस. आणि देणं लागण्याचं म्हणशील तर इंग्रजीतला पेपर पेवॉलच्या आत जाईल, तो मलाच उघडत नाही. चार पानांचं मराठी कर, वस्तीवर वाचून दाखव, चुकलं असेल तर बायका सांगतील. त्या बाईने विचारलं ना मागच्या मॅडमचं काय झालं, तर त्या मॅडमचा थिसिस शोध, लायब्ररीत असेल, आणि त्यात काय निघालं ते तिला जाऊन सांग. तुझं पहिलं फील्डवर्क तेच समज.

बालाघाटची_पोर

सगळ्यांचे आभार. मागचा थिसिस शोधायचं डोक्यातच आलं नव्हतं, सोमवारी लायब्ररीत बघते. डॉक्टर मॅडम, तुमचे पाचही प्रश्न जसेच्या तसे घेतेय. टोळीवाले दादा, कारखान्याचा रकाना टाकला, पण नाव छापणार नाही, नाहीतर एथिक्स कमिटीच अडवेल. गाईडना ‘कामाच्या ठिकाणचे जोखीम घटक’ दाखवलं, दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले बघू. खाड्याचा प्रश्न राहिला, उचलीच्या रकमेचा अजून अडकलाय. ताई, शेवटचं एक, आता दिवाळीनंतर वस्तीवर कुणी भेटेल का?

गटप्रवर्तक_ताई

दिवाळीनंतर म्हाताऱ्या आणि लेकरंच असतात गं. गुढीपाडव्याच्या पुढं ये, तोवर बहुतेक टोळ्या परत आलेल्या असतात, पण लग्नाच्या तिथी सोडून ये, दुपारी बायका मोकळ्या असतात. आणि आधी ग्रामपंचायतीला कळवू नको, मुकादम तिथंच बसलेला असतो. सरळ आशाकडे उतर. पैशाचं आधी बोलून घे तिच्याशी.