लवचिक ऑप्टिकल नेटवर्कमध्ये स्लॉट मोकळे असूनही मागणी का नाकारली जाते?

प्रश्न (विद्यार्थिनी, सोलापूर)
अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी पुणे–सोलापूर–हैदराबाद असे काल्पनिक नेटवर्क घेऊन स्पेक्ट्रम (फायबरमधील वारंवारतांचा पट्टा, जो लहान स्लॉटमध्ये विभागलेला असतो) वाटपाचा सिम्युलेटर लिहीत आहे. वाटप फर्स्ट-फिट पद्धतीने, म्हणजे सर्वांत कमी क्रमांकाचे पुरेसे मोकळे स्लॉट देऊन, होते. पुणे–सोलापूर लिंकवर ३, ४, ५, ८, ९ आणि सोलापूर–हैदराबाद लिंकवर ४, ५, ६, ८, ९ हे स्लॉट मोकळे असताना पुणे–हैदराबाद ही तीन स्लॉटची मागणी नाकारली गेली. दोन्हीकडे तीन सलग स्लॉट दिसत असूनही असे का व्हावे?

उत्तर १
आपला प्रोग्राम बरोबर चालला आहे. वाटेत तरंगलांबी बदलण्याची सोय नसेल, तर प्रत्येक लिंकवर तेच स्लॉट मिळावे लागतात आणि ते सलगही असावे लागतात. येथे सामाईक स्लॉट ४, ५, ८, ९ एवढेच आहेत, आणि उरलेल्या कापडाचे तुकडे शिवून घ्यावेत तसे हे दोन तुकडे जोडता येत नाहीत. ५० गिगाहर्ट्झच्या जुन्या ठरावीक ग्रिडमध्ये सर्व चॅनेल एकाच मापाचे असल्याने सलगतेचा प्रश्न येत नसे, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.६९४.१ शिफारशीने २०१२ मध्ये १२.५ गिगाहर्ट्झच्या पटीतील रुंदीला वाव दिला, त्यामुळे स्पेक्ट्रम वाचला, पण विखंडनही, म्हणजे मोकळ्या जागेचे विखुरलेले तुकडे होणेही, आले.

उत्तर २
सोलापुरात रीजनरेटर (सिग्नल घेऊन तो नव्याने पाठवणारे उपकरण) ठेवल्यास पहिल्या लिंकवर ३–५ आणि दुसरीवर ४–६ वापरता येतील, मात्र त्याचा खर्च मोठा असतो. त्याआधी मॉड्युलेशन, म्हणजे प्रकाशावर माहिती चढवण्याची पद्धत, तपासावे. क्यूपीएसके या पद्धतीत प्रत्येक चिन्हामागे २ बिट जातात, १६-क्यूएएममध्ये ४. म्हणून अंतर आणि सिग्नलची गुणवत्ता परवानगी देत असेल, तर तीच मागणी दोन स्लॉटमध्ये बसू शकेल.

उत्तर ३
मला येथे डीफ्रॅगमेंटेशन, म्हणजे चालू जोडण्या सरकवून मोकळे स्लॉट एकत्र आणणे, अधिक योग्य वाटते. पहिल्या लिंकवरील स्लॉट ६ मध्ये फक्त पुणे–सोलापूरपुरती, एका स्लॉटची जोडणी असेल, तर ती ३ वर न्यावी. मग ४, ५, ६ दोन्हीकडे मोकळे होतात. ती जोडणी आली तेव्हा ३, ४ आणि ५ व्यापलेले असावेत आणि नंतर रिकामे झाले असावेत, कारण फर्स्ट-फिट मागे वळून पाहत नाही. पुश-पुल पद्धतीत लेसरची वारंवारता हळूहळू सरकवतात व रिसीव्हर तिच्यामागे जातो, त्यामुळे सेवा खंडित होत नाही. मात्र वाटेतील ४ आणि ५ मोकळे असल्यामुळेच हे येथे शक्य आहे. त्यांपैकी एकही व्यापलेला असता, तर ही जोडणी तो ओलांडून पलीकडे गेली नसती.