मदत हवी आहे: कुत्रा दत्तक घ्यायचाय, संस्था खात्रीची कशी ओळखायची?

मंडळी, राहायला कोथरूडला. शेल्टरमधला मोठा, गावठी कुत्रा घरी आणायचाय. पिल्लू नको, आईबाबांना त्याच्यामागे धावणं झेपणार नाही.

एका संस्थेशी बोललो. शेल्टर बघायला येऊ का विचारलं की टाळाटाळ, पैसे मात्र आधी जीपेवर टाका म्हणे! लसीच्या कार्डावर नुसत्या तारखा. बाटलीचं स्टिकर नाही, डॉक्टरांचा शिक्का नाही. रस्त्यावरून उचलून नसबंदी केली म्हणतात, पण फोटोत दोन्ही कान अख्खे. खूण म्हणून कानाला छेद देतात ना?

२०२३ च्या एबीसी (प्राण्यांच्या जन्म नियंत्रणाच्या) नियमांनुसार नसबंदी करणाऱ्या संस्थेला पशु कल्याण मंडळाची मान्यता लागते. नुसतं दत्तक देणाऱ्यांची कुठली कागदपत्रं मागावीत? कुत्रा रुळला नाही तर परत घेणारी, आधी घर बघायला येणारी संस्था पुण्यात कुणाच्या माहितीत आहे का? प्लीज, स्वतःचा अनुभव असेल तरच सांगा.