पैसा कमी म्हणजे मारामारी फालतूच?

बजेट नसलं की अ‍ॅक्शनपट फालतूच होणार, असं बरेच जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. पैसा नसतो तेव्हा दिग्दर्शकाला डोकं लढवावं लागतं आणि ते पडद्यावर दिसतं. रॉबर्ट रॉड्रिगेझचा 'एल मारियाची' (१९९२) घ्या. मेक्सिकोच्या सीमेवरच्या गावात साधारण ७,००० डॉलरमध्ये चित्रित केलेला. कॅमेरा सरकवायची ट्रॉली नव्हती, तर व्हीलचेअरवरून कॅमेरा फिरवला. आवाज वेगळा रेकॉर्ड केला होता. संवाद ओठांशी जुळेनासे झाले की सरळ दुसऱ्या शॉटवर कट! सिनेमाला जो वेग आलाय त्यात या नाइलाजाचा मोठा वाटा आहे. बंदुकीतून एक बार निघाला की ती अडकायची, म्हणून वेगवेगळ्या कोनांतून एकेक बार टिपला आणि अख्खी फैर संकलनात उभी केली. हे बघताना मला अजूनही हुरूप येतो. (प्रदर्शनाआधी कोलंबिया या हॉलिवूड स्टुडिओने ध्वनी वगैरेवर कितीतरी जास्त खर्च केला, हे खरं.)

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. स्वस्तातले सिनेमे काढणाऱ्या कॅनन फिल्म्स कंपनीचा 'अमेरिकन निंजा' (१९८५) मी आवडीने पाहतो, पण त्यातले निंजे ढिगाने मरतात आणि एकाचंही भय वाटत नाही. सेनाधिकाऱ्याची मुलगी तर पळवून नेण्यासाठी आणि सोडवण्यासाठीच आहे. स्फोट स्वस्तातला दिसला तर चालतं हो, तिथे पैसाच नव्हता. पण खलनायकाला जरा अक्कल आणि नायिकेला स्वतःचं काही काम द्यायला कुठे जास्तीचे डॉलर लागतात? तो निव्वळ लिहिण्यातला आळस आहे.